दाराजवळची खुर्ची

ती. आत्या,

उतरत्या छपराच्या खोलीतून, कमरेत आधीच वाकलेल्या अवस्थेत, तुला नमस्कार. (तुझ्यासाठी मुद्दाम वाकलो असं समजून लगेच विरघळू नकोस. या खोलीत मला सरळ उभं राहता येईल अशी जागा एकच आहे, दाराच्या आत दीड पावलावर, आणि तिथे उभं राहून पत्र लिहिता येत नाही. बाकी सगळीकडे मी नमस्कारातच असतो.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना तू त्याच्याशी बोलतेस असं आईने कळवलंय. तो ऐकतो का, तेही कळव. डोळ्यांत थेंब घालायला विसरू नकोस. मी खुशाल आहे, वजन उतरलेलं नाही, सर्दी झाली होती ती गेली, आणि तू विणलेला मफलर रोज वापरतो. हे आधी सांगून टाकलं म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवरचं तू निम्मं ऐकतेस आणि गावभर पूर्ण सांगतेस, म्हणून पत्र.

मी ज्यांच्या घरात राहतो त्या बाई एकट्याच असतात. वय सत्तरीला टेकलेलं, उंची माझ्या कोपराएवढी, आणि एकतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घर त्या अजून वेळापत्रकावरच चालवतात. नाश्ता सात दहाला. पहिल्या दिवशी मी सात तेराला खाली गेलो, तर माझी बशी धुऊन, पुसून फडताळात गेलेली. बाई रागावल्या नव्हत्या. थांब्यावर नसलेल्या प्रवाशावर ड्रायव्हर कशाला रागावेल? दुसऱ्या दिवशी मी पावणेसातपासून जिन्यात बसून राहिलो. स्वयंपाकघरात वळायचं झालं तर त्या आधी मान फिरवून मागचं बघतात आणि मगच वळतात. हातात उकळतं पातेलं असलं तर तोंडाने बारीक आवाज करून माझ्याकडून वाट मागून घेतात. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यामुळे पहिले काही आठवडे आमचं सगळं बोलणं म्हणजे वाहतुकीच्या खुणा. मी त्यांना घाबरून होतो हे कबूल करतो. तू हसशील, पण तूही घाबरली असतीस. (नसतीस. खोटं कशाला लिहू.)

दिवसभर मी प्रयोगशाळेत असतो. तू सगळ्यांना ‘आमचा लांब्या परदेशात पूल बांधायला गेलाय’ असं सांगतेस, हे माझ्या कानावर आलंय. आत्या, मी इथे ठोकळे फोडायला आलोय. सिमेंट, वाळू, खडी तोलून मिसळायची, लोखंडी साच्यात ठासून भरायची, दुसऱ्या दिवशी साचा खोलून वीतभराहून जरा लहान असा चौकोनी ठोकळा काढायचा, त्यावर खडूने नंबर घालायचा, तो पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचा, आणि अठ्ठावीस दिवस झाले की (काहींना सातच) यंत्राखाली ठेवून तो किती भाराला फुटतो ते वहीत लिहायचं. तुझ्या घराचा स्लॅब पडला तेव्हा (म्हणजे घातला तेव्हा; आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द का, हा प्रश्न मला इथे एकाने विचारला आणि मी विषय बदलला) तू पदर खोचून पंधरा दिवस स्वतः पाणी मारलंस आणि मिस्त्रीलाच चार गोष्टी शिकवल्यास, तेच शास्त्र इथे टाकीत चालतं. आमचे प्राध्यापक दिवसातून दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक ‘सुप्रभात’ असतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक संशोधक बाई आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिला मी मनात ताई म्हणतो. दुसऱ्याच आठवड्यात मी ताईचा सत्तावीस दिवस पाण्यात मुरलेला ठोकळा माझा समजून फोडला. माझा एकसष्ट नंबर, सातव्या दिवशी फोडायचा होता; तिचा एकोणीस. इथले आकडे असे की एकोणीस उलटा धरला की एकसष्ट होतो. (आपल्या आकड्यांत ही सोय नाही, आणि मी फोडेपर्यंत ती मला सोय वाटलीही नव्हती.) ताईने तुकड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ‘ठीक आहे’ म्हणाली आणि पुन्हा खडी चाळायला बसली. कामापुरतं इंग्रजी इथे सगळ्यांना येतं, पण सत्तावीस दिवसांची माफी कामापुरत्या इंग्रजीत मागता येत नाही. मी ‘सॉरी’ म्हणालो. तो शब्द इथे जाता-येता कोपर लागलं तरी म्हणतात.

अशा तऱ्हेने दिवसभर मनातल्या मनात कुढून मी संध्याकाळी घरी यायचो, बूट काढायचो, हातपाय धुऊन खाली स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचो. तिथे बाई ओट्याशी उभ्या असायच्या. मला पाहिलं की त्या एक शब्द बोलायच्या. आखूड, ठणठणीत, आणि त्याबरोबर हनुवटी मागच्या दाराकडे उडवायच्या. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, चुकून ऐकलं. दुसऱ्या संध्याकाळी तोच शब्द, तीच हनुवटी. अर्थ विचारायची गरजच नव्हती. हा शब्द कुठल्याही भाषेत ‘नीघ’ असाच ऐकू आला असता. मी विचार केला, बिचारीचं घर आहे, दिवसातून तासभर तरी परक्या माणसाचं तोंड दिसू नये असं तिला वाटत असेल. भाड्यात ती अट असेल आणि मी नीट वाचली नसेल. तेव्हा मी मान हलवायचो, पाणी न पिताच मफलर गुंडाळायचो आणि बाहेर पडायचो. तेही मागच्या दारानेच, कारण हनुवटी त्याच दाराकडे होती. एक तास भटकायचो आणि परत यायचो. रोज. तीन आठवडे, आत्या. त्यात पाच दिवस पावसाचे आणि दोन दिवस वाऱ्याने छत्रीचा पार उलटा वाडगा केलेला.

याचा फायदा असा की या गल्ल्या मला आता डोळे मिटून येतात. बाहेर पडलं की आधी न्हाव्याचं दुकान. त्याच्या काचेत मी केस ठीक करायचो, तो आतून कात्री हलवून ओळख द्यायचा. मग औषधांचं दुकान, तिथे तापमान दाखवणारी पाटी आहे. ती वाचून आणखी थंडी वाजायची. मग चढ, मग बसचं आगार, आणि परतीला कपडे धुण्याच्या यंत्रांचं दुकान. हे माझं विसाव्याचं ठिकाण. आत ऊब असते, बाकं असतात, आणि गोल काचेमागे लोकांचे कपडे फिरत असतात. मी दुसऱ्यांचे मोजे, दुसऱ्यांच्या चादरी बघत अर्धा-अर्धा तास बसलोय. पुढे तर कुठल्या पिशवीत काळे मोजे विषम संख्येने आहेत हेही मला पाठ झालं. दुकान सांभाळणारी बाई माझ्याकडे बघून गोड हसायची. न्हावी डोळा मिचकावायला लागला. एका संध्याकाळी औषधवाल्याने बाहेर येऊन मला खोकल्याच्या गोळ्या दिल्या आणि पाठ थोपटली. मला वाटलं, काय प्रेमळ लोक आहेत, परक्या पोराबद्दल किती आस्था. (कारण वेगळंच होतं, ते पुढे येईल.)

घरात मात्र काहीतरी बिनसत चाललं होतं. आधी बाई तो शब्द ठणकावून म्हणायच्या, मग साधा म्हणायला लागल्या, मग नुसती हनुवटी हलायची, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तर त्या पाठमोऱ्याच राहिल्या. सकाळी नाश्ता होता, वेळेवर होता, पण माझी बशी समोर येताना पूर्वी जी एक मान हलायची ती हलेना. मी आपला तपासत बसलो की चुकलं कुठे. तासाऐवजी पन्नास मिनिटांत परत आलो का? दाराची कडी जोरात लावली का? म्हणून मी सव्वा तास बाहेर राहायला लागलो. तेव्हा तर त्या माझ्याकडे बघेनाशाच झाल्या. आईला फोनवर मी ‘बाई फार चांगल्या आहेत’ असंच सांगत होतो, आणि इकडे लॅबच्या फळ्यावर दुसऱ्या खोल्यांच्या जाहिराती वाचत होतो.

बुधवारी आमचा भाषेचा वर्ग असतो, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. परदेशातून आलेले आम्ही अकरा जण: एक पाव भाजणारा, दोन नर्स, एक सुतार, बाकी विद्यार्थी. शिकवणारे मास्तर किडकिडीत आणि अतिशय उत्साही. त्या दिवशी त्यांनी आज्ञार्थ काढला, आधी एकेरीतला. त्यांची पद्धत अशी की ते आज्ञा देणार आणि आपण ती करून दाखवायची. ‘ऊठ’ झालं, आम्ही उठलो. ‘हात वर’ झालं. ‘खिडकी उघड’ला सुताराने खिडकी उघडली, ‘बंद कर’ला नर्सने घाईने बंद केली. आणि मग मास्तर तो शब्द म्हणाले. तोच, आखूड, ठणठणीत. आत्या, माझ्या पायांनी मला विचारलंच नाही. मी दप्तर उचललं, मफलर गुंडाळला आणि दार उघडून जिन्याने खाली निघालो. अर्धा जिना उतरल्यावर वरून मास्तरांच्या धावत्या पायांचा आवाज आला. त्यांना वाटलं मला काही लागलं, दुखलं, त्यांच्याकडून अपमान झाला. त्यांनी दंडाला धरून मला वर आणलं. वर्गात दहाचे दहा जण आपापल्या खुर्च्यांवर बसलेले होते आणि माझ्याकडे बघत होते. मी एकटा उभा.

मास्तरांनी तो शब्द परत म्हटला, या वेळी हळू, आणि माझ्या खुर्चीवर हात थोपटला. तेव्हा मला कळलं, की गेले तीन आठवडे ती म्हातारी मला ‘बस’ म्हणत होती.

आणि मग एकेक डोळ्यांसमोर यायला लागलं. मागच्या दाराला लागून, अगदी चिकटून, एक खुर्ची असते. उशी घातलेली. टेबलावर रोज दोन पेले असायचे. मला वाटायचं, बाईंना दोन पेले चहा लागतो. वर्ग अर्धा टाकून मी घरी धावत गेलो. या वेळी समोरच्या दाराने. बाई ओट्याशी होत्या. टेबलावर पेला एकच होता, आणि त्याच्या शेजारी एक चिठ्ठी, मोठ्या स्पष्ट अक्षरात लिहिलेली. त्यावर एका घराचा पत्ता होता, खाली खोलीचं चित्र, आणि चित्रात तीन-चार हसरी तोंडं काढलेली. मला वाचता येत नाही म्हणून काढलेली. बाईंनी माझ्यासाठी दुसरी जागा शोधून आणली होती, जिथे माझ्या वयाची मुलं राहतात.

मला समजावून सांगायचं होतं आणि माझ्याजवळ शब्द एकच होता. बाई उभ्या होत्या. मी खुर्चीकडे हनुवटी उडवली आणि त्यांच्याच आवाजात म्हणालो, “बस.”

(एकतीस वर्षं बस चालवलेल्या बाईला मी ‘बस’ म्हणालो, हा विनोद फक्त आपल्या भाषेत होतो. इथे तो सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तुला लिहितो. शिवाय मास्तरांचा आदरार्थी प्रकार ऐकायच्या आधीच मी पळालो होतो, त्यामुळे सत्तर वर्षांच्या बाईला तिच्याच घरात एकेरीत हुकूम सोडला, ते वेगळंच.) बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि खरंच बसल्या. मग मी दुसऱ्या खुर्चीवर बसलो, शब्दकोश काढला, आणि बोटांनी, हातांनी, दोन वेळा प्रत्यक्ष दाराबाहेर जाऊन परत येऊन दाखवत, त्यांना सगळी हकिगत सांगितली. पाऊण तास लागला. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं. त्या लालबुंद झाल्या, उठल्या, दाराजवळची ती खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीशी नेऊन ठेवली. दुसरा पेला काढला. मग इतक्या हसल्या की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. हसू ओसरल्यावर मात्र शब्दकोश माझ्याकडून ओढून घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत एक वाक्य बनवलं. त्याचा अर्थ असा होत होता: “मला वाटलं, तुला माझी सोबत नको आहे.” मी ते परत-परत वाचलं. चिठ्ठी त्यांनीच फाडली.

आता त्या न्हाव्याचं. बाईंनी शेजारीपाजारी विचारलं होतं, की हा मुलगा रोज संध्याकाळी, पाऊस असो वारा असो, घाईघाईने जातो कुठे. गल्लीने एकमताने ठरवलं होतं की माझं कुणीतरी आहे. ती यायची कबूल करते, येत नाही, आणि मी कपडे धुण्याच्या दुकानात तिची वाट पाहत बसतो, असं सगळं रचून झालं होतं. औषधवाल्याच्या मते ती कठोर होती. न्हाव्याच्या मते चूक माझ्या केसांची होती. बाईंनी दुसऱ्या दिवशी फिरून सगळ्यांना खरी गोष्ट सांगितली, आणि आत्या, तुला सांगतो, सगळ्यांचे चेहरे पडले. कपडेवाली बाई अजून मला विचारते, खरंच कुणी नव्हतं का.

तेव्हापासून संध्याकाळ म्हणजे माझी शाळा. मी बसतो, चहा होतो, आणि बाई मला भाषा शिकवतात. त्यांचं शिकवणं मास्तरांपेक्षा सोपं, कारण त्यांना व्याकरण येत नाही. पहिलं काम मी त्यांना सांगितलं ते ताईच्या माफीचं. उशीर झालाय, एक चांगलं, पूर्ण, सभ्य वाक्य हवंय, असं मी कोशातून जुळवून विचारलं. बाईंनी क्षणभरही विचार न करता एक लांबलचक वाक्य म्हणून दाखवलं. किती सफाईदार होतं. सलग सात संध्याकाळी घोकलं, आरशासमोर म्हटलं, छपराला डोकं आपटत म्हटलं. मग एका सकाळी लॅबमध्ये ताईसमोर उभा राहिलो, हात मागे बांधले, आणि खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. ताईने चाळणी खाली ठेवली. मग कळलं की बाईंनी मला एकतीस वर्षं रोज म्हटलेलं वाक्य शिकवलं होतं, ज्याचा अर्थ होता: झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत, कृपया दरवाजा अडवू नका, आत सरकत चला. प्राध्यापक त्या दिवशी हसले. यंत्राशेजारी उभे राहून, चष्मा काढून, डोळे पुसत हसले, आणि दिवसाच्या कोट्याबाहेरचं तिसरं वाक्य बोलले, की या मुलाला राहू द्या. ताई म्हणाली, ‘तो ठोकळा मी कधीच विसरले होते’, आणि आता मी यंत्राजवळ गेलो की ती मला आत सरकायला सांगते.

एकूण बरं चाललंय, आत्या. जेवण साधं, झोप चांगली, ठोकळे त्यांच्या वेळेला फुटतात. परवा बाईंना मी लॅब दाखवायला नेलं. सोबत त्यांनी त्यांचे जुने ड्रायव्हरचे हातमोजे आणले होते. ते घालून यंत्राची मूठ त्यांनी हातात घेतली, मागे बघितलं, आणि माझा एक ठोकळा इतक्या सावकाश, सुतासारखा सरळ भार वाढवत फोडला, की प्राध्यापकांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. येताना बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि प्रत्येक वळणावर नवीन ड्रायव्हरची चूक मला दाखवत होत्या. मला सगळं कळलं नाही. पण ऐकायला बरं वाटलं. घरी गेल्यावर दोघांनी बूट काढले, मी पाणी ठेवलं, त्यांनी पेले काढले, आणि कुणीही कुणाला काही सांगायच्या आत आम्ही बसलो.

आशीर्वाद दे आणि औषधं घे, दोन्ही वेळच्या वेळी.

तुझा भाचा,
लांब्या

ता. क. लिहायचं राहिलंच. पुढच्या महिन्याच्या शेवटी मी परत येतोय, तेव्हा एकटा येत नाही. बाई सोबत येतायत, वीस दिवसांसाठी. एकतीस वर्षं एकाच मार्गावर फिरले आणि या शहराच्या पलीकडे कधी गेले नाही, असं त्या एका संध्याकाळी म्हणाल्या, आणि मी बोलून गेलो की मग आमच्याकडे चला. लोक याला नुसतं हसून उत्तर देतात. बाईंनी तिकीट काढलं. आईला अजून माहीत नाही. तू तिची नणंद आहेस. तू सांगितलंस की ती आधी रागावेल तुझ्यावर, आणि मी येईपर्यंत राग उतरलेला असेल. (बाबांना माहीत आहे. ते म्हणाले, मला माहीत आहे हे कुणाला सांगू नकोस.)

आणखी एक ता. क. आईला सांगताना एवढं लक्षात ठेव, की बाई राहणार आहेत तुझ्याकडे. आमच्या घरात बाबा घोरतात, आई पाहुण्याला बळेच वाढते, आणि बाईंना नाही म्हणता यायचं नाही. मी तुझ्या वतीने त्यांना आमंत्रणाचं पत्रही लिहून दिलंय, दोन पानी. सही तुझी केली आहे. तुझा ‘र’ काढायला फार त्रास झाला. त्या पत्रात तू स्वभावाने अतिशय शांत आहेस आणि पाहुणे तुला मनापासून आवडतात. वीस दिवसांचाच प्रश्न आहे, तेवढं सांभाळून घे.

शेवटचं. नाही म्हणायचं असेल तर मोकळेपणाने फोन कर, मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही. दिवसा मी लॅबमध्ये असतो, त्यामुळे फोन बाईच उचलतील. मी त्यांना आपल्या भाषेतला आतापर्यंत एकच शब्द शिकवलाय, आणि तो त्यांना छान येतो. तो शब्द आहे ‘हो’.